सेमीतली तिसरी

निशा, अहो आईंना सेमी येते, हे तू मला सांगायला हवं होतंस.

बाकी सगळं सांगून ठेवलं होतंस. बॉयलरच्या सर्व्हिसिंगला कुणाला बोलवायचं, मंदारला कुठली गोळी चालत नाही, कुठल्या आठवड्यात कचऱ्याचं कुठलं बिन बाहेर काढायचं. शेवटच्या दिवसांत हॉस्पिसच्या त्या खिडकीजवळच्या पलंगावर बसून तू एकेक गोष्ट माझ्या हवाली करत होतीस आणि मी मान हलवत होते. हे एवढं राहिलं. आणि ते मला कळलं कुठे, तर क्रिमेटोरियममध्ये, तुझ्या पेटीपाशी, सगळ्यांच्या देखत.

आई पुढे झाल्या. काळ्या कोटांच्या गर्दीत त्यांची पांढरी साडी आणि वर मंदारचं जॅकेट. त्यांनी पेटीवर हात ठेवला आणि हळू पण अगदी स्वच्छ म्हणाल्या, "घेबारा, निशू."

घेबारा. म्हणजे चहा होतोय. तू कामावरून आलीस की भिंतीवर टकटक करून मला मारायचीस ती हाक. जगात दोनच माणसांना ठाऊक असलेला शब्द, आणि तो मला तिसऱ्याच तोंडून ऐकू आला. लोकांना वाटलं, आजी मंत्र म्हणतायत. तुझ्या एक्स-रे डिपार्टमेंटमधल्या एका मुलीने माझा हात दाबला. तोवर माझे डोळे वाहत होते, ते तिथल्या तिथे आटले. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला तुझ्या जाण्याचं दुःख झालं नाही. माझ्या पोटात दुखलं.

इथल्या मराठी मंडळाचे लोक अंकासाठी तुझ्यावर काहीतरी लिहून द्या, असं सांगून गेलेत. त्यांना 'सदा हसतमुख' वगैरे हवंय. ते दुसरं कुणीही लिहील. मला तुझ्याशी भांडायचंय, आणि तू गेल्यापासून त्याला दुसरी जागा उरलेली नाही.

वाचणाऱ्यांना आपण माहीत नाही, म्हणून थोडं सांगते. आपण जावा. मी मोठी, पुण्याची, बँकेच्या सॉफ्टवेअरच्या कामासाठी बर्मिंगहॅमला आलेली. तू धाकटी, इथेच जन्मलेली, इथल्याच शाळेत शिकलेली. माझा समीर आणि तुझा मंदार या दोघा भावांनी एका सेमी-डिटॅच्ड घराचे दोन्ही भाग शेजारी शेजारी घेतले. छप्पर एक, मध्ये भिंत एक, दारं दोन. माझं स्वयंपाकघर भिंतीच्या इकडे, तुझं तिकडे. दर वर्षी एप्रिलमध्ये नागपूरहून सासूबाई यायच्या आणि ऑक्टोबरमध्ये परत जायच्या. त्या सहा महिन्यांत दोन्ही घरांत त्यांचं राज्य असायचं.

आणि राज्य म्हणजे राज्यच. आई नागपूरच्या एका हायस्कुलात मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. मराठी त्यांची, हिंदी त्यांना येते, इंग्रजी पेपर त्या माझ्याआधी वाचून संपवतात. माझ्या मुलांना इंग्रजीच येतं. नवऱ्यांना सगळंच कळतं. थोडक्यात, त्या घरात दोन सुनांना चार शब्द मनातले बोलायचे तर त्यासाठी भाषाच शिल्लक नव्हती. एकदा जेवताना आईंनी माझ्या आमटीचा एक भुरका घेतला आणि म्हणाल्या, "पुण्याकडे अशी करतात का?" मी टेबलाखालून तुला पाय मारला. तू भाताकडे बघत गंभीरपणे म्हणालीस, "झुमा." काही अर्थ नव्हता त्याला. पण मला इतकं हसू फुटलं की ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी बिनं बाहेर काढताना तू म्हणालीस, "वहिनी, लेट्स डू अ प्रॉपर वन. आपला स्वतःचा लँग्वेज."

"आपली स्वतःची."

"सी? म्हणूनच. आपल्या लँग्वेजमध्ये जेंडर नको. मला आयुष्यभर ती खुर्ची आणि तो टेबल करून कंटाळा आली."

अशी सेमी जन्माला आली. निम्मी तुझी, निम्मी माझी, मधली भिंत एकच. नियम दोनच ठेवले. पहिला, ती कधीही कुठेही लिहायची नाही, लिहिलेलं सापडतं. दुसरा, कुठलाही नवा शब्द किंवा नवा नियम आधी रविवारी स्वयंपाकघरात चालवून बघायचा, गॅस पेटलेला असताना. घाईत जो नियम जिभेवर येत नाही, तो कागदावर कितीही देखणा असला तरी बाद. हा दुसरा नियम तुझा. मला तेव्हाच कळायला हवं होतं की आपल्या दोघींत हुशार कोण आहे.

झुमा हा शब्द अर्थातच सासूबाईंना मिळाला.

क्रियापदं माझ्या वाट्याला आली. मी ती प्रोग्रॅम लिहावा तशी आखली. मूळ शब्दाला एक शेपूट लावलं की झालेली गोष्ट, दुसरं लावलं की आत्ताची, तिसरं लावलं की उद्याची. भूत, वर्तमान, भविष्य. अपवाद एकही नाही. मला त्याचा भारी अभिमान होता. ऑफिसला जाताना बसमध्ये मी मनातल्या मनात रूपं चालवायची आणि स्वतःवर खूश व्हायची.

मग तो चकल्यांचा रविवार आला. गणपतीत मंडळाला द्यायच्या चकल्या होत्या, तुझ्याकडे. घाणा कढईत होता आणि बेल वाजली, पार्सलवाला होता. मी जाता जाता तुला सेमीत ओरडून सांगितलं की मी तळत होते, आता तू बघ. तू ऐकलंस की मी तळल्या, आता तू बघ. दोन्हीला माझ्या सेमीत रूप एकच होतं, कारण दोन्ही भूतकाळ. तू आलीस, ताटातल्या झालेल्या चकल्या बघितल्यास, एक खाल्लीस, मला छान म्हणून अंगठा दाखवलास आणि कपडे बदलायला वर निघून गेलीस. कढईतला घाणा कोळसा झाला. स्मोक अलार्म असा कोकलला की समोरच्या घरातून माणूस बाहेर आला. आई अलार्मखाली उभ्या राहून भांडी पुसायचा टी-टॉवेल हलवत होत्या आणि म्हणत होत्या, "काय करून राहिल्या गं पोरी तुम्ही?"

सगळं शांत झाल्यावर तू जळकी चकली माझ्यासमोर धरलीस.

"वहिनी, तुझा व्हर्ब घड्याळ बघतो. कढई बघत नाही."

निशा, त्या एका वाक्याचा मला जेवढा हेवा वाटला तेवढा तुझ्या केसांचाही कधी वाटला नाही. आणि तुझ्या केसांचा वाटायचा.

कारण बरोबर होतं ते. क्रिया कधी घडली, हे एक. ती संपली, चालू आहे, की नेहमीच घडायची, हे दुसरंच. काल मी चकल्या तळल्या. काल मी चकल्या तळत होते. पूर्वी मी चकल्या तळायचे. तिन्ही घड्याळाच्या एकाच बाजूला, पण कढईतलं चित्र तीन तऱ्हेचं. आणि उद्या संध्याकाळी मी तळत असेन म्हटलं तर घड्याळ पार पलीकडे गेलं, तरी कढई चालूच. काळ वेगळा आणि क्रियेची अवस्था वेगळी. इंग्रजीत तिला अ‍ॅस्पेक्ट म्हणतात, हे मी नंतर फोनवर शोधलं, तुला न सांगता. भाषा बनवायला बसणारी नव्वद टक्के माणसं या दोघांचा काला करतात म्हणे. मी त्या नव्वदांतली निघाले आणि तू नाही, हे मला अजिबात आवडलं नाही.

थोड्या दिवसांनी तू नवी मांडणी घेऊन आलीस. काळाची शेपटं सगळी छाटायची. काल, आज, उद्या हे सुटे शब्द आहेतच, हवे तेव्हा ठेवायचे. क्रियापदाने फक्त कढई बघायची. चालू असेल तर रा. झालं असेल तर पू. नेहमीचं असेल तर री. आणि नुसतं सांगायचं असेल तर काहीच नाही. रविवारी गॅस पेटवून चालवून बघितलं. एकदाही अडलं नाही. लिपारा, तळणं चालू आहे. लिपापू, झालं. मुलांच्या गोंगाटात, कुकरच्या शिट्ट्यांत, अर्ध्या घरातून ओरडून सांगितलं तरी समजायचं. इतकी साधी आणि इतकी देखणी गोष्ट जिला मराठीत धड 'माझा डोकं' आणि 'माझं डोकं' कळत नाही तिला सुचते कशी, या विचाराने मला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी मी तुला म्हटलं, "ठीक आहे. चालेल."

"चालेल? दॅट्स इट?"

"भविष्यकाळ हवा पण."

तेच आपलं भांडण. वर्षानुवर्षं पुरलेलं. मी म्हणायची, उद्याची गोष्ट वेगळी दाखवायलाच हवी, त्याशिवाय वचन कसं द्यायचं, धमकी कशी द्यायची. तू म्हणायचीस, उद्या हा शब्द आहे ना, बास झाला, जे कढईत पडलंच नाही त्याचा रंग कसला सांगतेस. मी तुला हट्टी म्हणायची, तू मला मॅनेजर म्हणायचीस. मग तुझे रिपोर्ट आले. त्यानंतर आपण सेमीत खूप बोललो, पण हे भांडण पुन्हा कुणी काढलं नाही.

आता आईंकडे येते.

तुझ्यावर त्यांचा जीव होता. उघड होता, आणि मला तो दिसू नये म्हणून कुणी प्रयत्नही करत नसे. तू म्हणायचीस, "आई, माझी हात भाजली," आणि ज्या बाईने आयुष्यभर पोरांची लिंगं-वचनं लाल शाईने सुधारली ती हसून तुझ्या हाताला मलम लावायची. मी शुद्ध बोलले तर म्हणायच्या, "वैशालीचा आपला पुणेरी ठसका." तुला अहो-जाहो जमत नाही म्हणून तू त्यांना सरळ 'तू' म्हणायचीस. "आई, तू बस, मी करते." मी लग्न झाल्यापासून 'तुम्ही'च्या पुढे एक पाऊल टाकलेलं नाही. झुमा माझ्या भाजीत मीठ शोधते आणि तुझ्या भाजीत गुण शोधते, असं मी एकदा सेमीत म्हटलं होतं, त्यांच्या समोर, त्यांच्याच ताटात पोळी वाढताना. तुला हसू आलं होतं. नंतर आठवून बघितलं तेव्हा वाटलं, तू थोडी उशिराच हसली होतीस.

क्रिमेटोरियमहून घरी येताना गाडीत मी हेच करत होते. एकेक वाक्य आठवत होते. झुमाची तिकिटं कधीची आहेत. झुमाला कुणीतरी सांगा, ही तिची शाळा नाही. झुमाला ओव्हनचा टायमर बदलायला मनाई करा. हे सगळं मी हसतमुखाने, त्यांना दही वाढत, बोलले होते. आई माझ्या शेजारी बसल्या होत्या, सीट बेल्ट धरून, बाहेर बघत.  आणि मला राग आला तो तुझा. भीती सासूची वाटत होती, पण राग तुझाच. ज्या भिंतीआड मी बसत होते त्या भिंतीला तू दार पाडलंस, आणि पाडलंस ते नेमकं त्यांच्यासाठी. आपण खपून बीळ खणलं आणि त्यात नागोबा येऊन बसला, तोही तू पत्ता दिलास म्हणून.

पाहुणे होते तोवर बोलता आलं नाही. डबे येत होते, लोक येत होते. मंदार येणाऱ्या प्रत्येकाला चहा विचारायचा आणि करायला विसरायचा. शेवटी एका दुपारी घर रिकामं झालं. आई माझ्या ओट्यापाशी स्टुलावर बसून मेथी निवडत होत्या. मी समोर उभी राहिले.

"काय पाहून राहिली? बस ना."

"आई, तुम्ही तिथे काय म्हणालात निशाला?"

"चहा होऊन राहिला म्हटलं. रोज तीच तर म्हणायची."

"कोणी शिकवलं तुम्हाला?"

"कोण शिकवणार? तू तर शिकवणार नव्हतीस."

मी बसले. त्यांनी मेथीची जुडी अर्धी करून माझ्यापुढे ठेवली. हातांना काम लागलं, बरं झालं.

"कधीपासून येते?"

"बोलायला म्हणशील तर अलीकडे. व्याकरण म्हणशील तर तुमच्या चकल्या जळाल्या ना, तेव्हापासून." मग त्यांनी सांगितलं. चकल्या जळाल्या त्याच आठवड्यात तू त्यांच्याजवळ जाऊन बसलीस. मराठी सुधारायची आहे म्हणालीस. विचारलंस, "आई, टाइम सोडून व्हर्बला अजून काय पाहिजे असतो?" त्यांनी वर्गात सांगायच्या तसं सांगितलं. साधा, अपूर्ण, पूर्ण, रीती. पोरं यांना काळच समजतात, त्या म्हणाल्या, पुस्तकातही तसंच लिहिलेलं असतं, पण काळ तीनच. हे चार म्हणजे काम कुठवर आलं त्याचा हिशेब. आणि चालू असलेल्या कामाला तुमच्या नागपुरात काय म्हणतात, असंही तू विचारलंस. करून राहिली म्हणतो, त्या म्हणाल्या. "तिला ते 'राहिली' फार आवडलं. दिवसभर म्हणत होती. खाऊन राहिली, झोपून राहिली."

रा हा राहिलीचा. पू पूर्णचा. री रीतीची. शाळेत मी हे तक्ते घोकून पहिल्या आले होते, आणि वर्षानुवर्षं रोज ते बोलत होते, आणि मला दिसलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा. इतकी वर्षं ज्या बुद्धीसाठी मी तुझा हेवा केला तिचा अर्धा भाग समोर मेथी निवडत होता. हेव्याला पत्ता बदलावा लागला, निशा, आणि नव्या पत्त्यावर तो जास्तच जोमाने राहायला गेला.

"म्हणजे तेव्हापासून मी जे काही बोलले..."

"छे. तेव्हा शब्द कुठे होते माझ्याजवळ? शब्द गेल्या दोन उन्हाळ्यांत शिकली. ती घरी असायची ना दुपारची. तू ऑफिसात."

दुपारची. निशा, दुपारी तू झोपतेस असं मला वाटायचं. केमोनंतर झोप महत्त्वाची म्हणून मी दुपारी फोन करायची नाही. मीटिंग संपली की फोन उचलायची, तुझं नाव बघायची आणि खाली ठेवायची. आणि तुम्ही दोघी तेव्हा माझ्या भाषेत गप्पा मारत होतात. हे ऐकून मी मेथीच्या देठांसकट पानं टाकायला लागले, तेव्हा आईंनी माझ्या पुढ्यातली जुडी काढून घेतली.

"तिला दोष देऊ नको," त्या म्हणाल्या. "मीच मागे लागली. मागेच लागली म्हण. नाही म्हणायची ती, वहिनीला विचारते म्हणायची. मी म्हटलं, विचारशील तर वैशाली हो म्हणणार नाही."

"नसतेच म्हटलं."

"माहीत आहे." त्यांनी निवडलेली पानं चाळणीत टाकली. "तुम्ही दोघी हसायच्या आणि मी वाटाणे सोलत बसायची. माझ्याच टेबलावर. मला हेवा वाटायचा, वैशाली. तुझा."

"माझा?"

"तुझाच. माझ्याशी ती गोड बोलायची. तुझ्याशी खरं बोलायची. म्हाताऱ्या माणसाशी जसं जपून बोलतात ना, तसं बोलायची माझ्याशी. भांडायची ती फक्त तुझ्यासोबत."

 आजवर मला कुणी हेवा वाटण्यासारखं समजलं नव्हतं, त्यातून या बाईने तर नाहीच. मी विचारायचं ते विचारलं. "मग तुम्हाला कळायचं सगळं? मी बोलायची ते?"

"सगळं नाही. तू फार भराभर बोलतेस." आणि मग, निशा, त्यांनी मेथीवरून नजर न काढता सेमीत, माझ्याहून स्वच्छ उच्चारात म्हटलं, "झुमाला कुणीतरी सांगा, ही तिची शाळा नाही."

मला वाटलं, फरशी फाटावी.

"झुमा म्हणजे मी, हे तर आधीपासूनच ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "तू झुमा म्हणताना सगळीकडे बघायचीस, माझ्याकडे सोडून."

"मग बोलला का नाहीत कधी?"

"काय बोलणार? अर्धं खरं होतं. उरलेल्या अर्ध्याचा राग आला. पण बोलली असती तर तुम्ही दोघींनी दुसरी भाषा केली असती."

त्या दुपारी मी तुझ्या घरात गेले. मंदार वर होता. तुझ्या ओट्यापाशी उभी राहिले आणि तुझ्यावर मनातल्या मनात भरपूर ओरडले. मला फसवलंस म्हणून. न सांगून मला शरमेतून वाचवलंस म्हणून. त्यांना पोळी वाढताना मी म्हटलेलं ते मिठाचं वाक्य कळलं होतं हे तुला तेव्हाच माहीत होतं आणि तू तरी हसलीस. नंतर त्यांना काय सांगितलंस? माझी बाजू घेतलीस की त्यांची? हे मला कधीच कळणार नाही, आणि ज्यांना विचारता येईल त्या सांगतील ते मला खरं वाटणार नाही. तिथेच मला हॉस्पिसमधली ती संध्याकाळ आठवली.

त्या दिवशी तू बोलायच्या मूडमध्ये होतीस. आईंनी शिरा पाठवला होता, तू एक चमचा खाऊन बाजूला ठेवलास. मी म्हटलं, त्यांनी परत वेलची जास्त घातलीय. तू हसलीस, मग खोकलीस, मग माझा हात धरलास.

"यू नो, मला तुमचा जेलसी वाटतो. तुझा आणि आईचा."

"आमचा? का?"

"तुम्ही अजून फाइट करणार. लाइक, फॉर इयर्स. वेलची, मीठ, ओव्हन, एव्हरीथिंग. मला पण पाहिजे होता ते."

मी तुला म्हटलं, असं काही बोलू नकोस, आणि फाइट करायला आधी मला त्यांच्याशी बोलायचं तर असलं पाहिजे. तू खिडकीबाहेर बघत राहिलीस. मला वाटलं होतं, दमलीस. आता वाटतं, मी उत्तर चुकवलं म्हणून तू गप्प बसलीस. तुझ्यावर सगळ्यांनी सारखं प्रेम केलं, निशा, हलक्या हाताने, रिपोर्ट आल्यावर तर आणखीच जपून. मीसुद्धा भविष्यकाळ सोडून दिला. तुझ्याशी भांडणारी एकच होती, तीही शहाणी झाली. तुला कुणाचा हेवा वाटावा, याची मी कल्पनाच केली नव्हती. हेवा हे माझं खातं होतं.

गेल्या रविवारी आईंनी चकल्या काढल्या. मी नको म्हणत होते, सुतकात तळण कुठे करतात. त्या म्हणाल्या, तेरावं कधीच झालं, आणि मंदार चार घास खाईल. भाजणी त्यांनी नागपूरहून आणलेली, सोऱ्या तुझा. तुझ्याच ओट्यापाशी आम्ही दोघी उभ्या राहिलो.  मग मी झारा हातात घेतला आणि तोंडातून सवयीने निघून गेलं, लिपारा. आईंनी सवयीनेच ताट पुढे केलं.

तिथून सुरू झालं. त्यांचं परतीचं तिकीट ऑक्टोबरचं आहे. मी सेमीत विचारलं, पुढच्या वर्षी येणार का. म्हणजे विचारायला गेले आणि अडले, कारण येणार हे म्हणता येत नाही ना तुझ्या भाषेत. मी म्हटलं, बघा, म्हणून भविष्यकाळ हवा होता. आई म्हणाल्या, काही गरज नाही, पुढच्या एप्रिलला हा शब्द ठेव आणि विचार. मी म्हटलं, त्याने वचन होत नाही. त्या म्हणाल्या, माणूस घरातून निघताना 'येते' म्हणतं, त्यात कुठला भविष्यकाळ असतो, तरी येतंच ना परत. मी म्हटलं, सगळी येत नाहीत.

  मी कढईतल्या चकल्या उलटल्या. मग आई म्हणाल्या, म्हणून तर व्याकरणावर विसंबून राहू नये. मी म्हटलं, तू हट्टी आहेस. सेमीत तू आणि तुम्ही एकच आहे, तूच ठरवलं होतंस, निशा, पण मला ते ऐकू आलं आणि त्यांनाही आलं. त्या म्हणाल्या, आणि तू मॅनेजर आहेस. हा शब्द त्यांना कुणी दिला ते मी विचारलं नाही. मी आवाज चढवला, त्यांनी त्याहून चढवला. वेलचीही निघाली. ओव्हनचा टायमर निघाला. त्या 'तळणं चालू' म्हणायच्या जागी 'तळून झालं' म्हणाल्या, मी चूक दाखवली, त्या म्हणाल्या की रा-पू-री ज्यांनी सांगितलं त्यांना शिकवू नकोस.

दारात मंदार उभा होता. कधीपासून, कोण जाणे. भिंतीपलीकडून तुझी भाषा त्याने इतकी वर्षं ऐकलेली, एक अक्षर न कळता. तू गेल्यापासून ती त्या घरात कुणी बोललं नव्हतं. आम्ही दोघी गप्प झालो. काय बोलताय, असं त्याने विचारलं नाही. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसला, भिंतीला डोकं टेकलं आणि म्हणाला, "थांबलात का? चालू द्या."

आम्ही चालू ठेवलं आहे, निशा. रोज चालू आहे. परवा मिठावरून, काल तुझा सोऱ्या कुणाकडे राहायचा यावरून. भविष्यकाळाचं अजून मिटलेलं नाही आणि मी ते मिटू देणार नाही, ऑक्टोबरमध्ये नाही, पुढच्या एप्रिलमध्येही नाही.

आता कर हेवा.